वाचकांचे प्रश्न : १९०८चा बेसबॉल हंगाम

शिकागो कब्ज या संघाने २०१६ साली बेसबॉलचे विश्वविजेतेपद मिळवले तेव्हा सगळीकडे ‘१०८ वर्षांनंतर’ असे का म्हटले गेले, असा प्रश्न गेल्या अंकात या सदरात एका वाचकाने विचारला होता. त्याला उत्तर देताना मी लिहिले होते की, कब्जचे त्याआधीचे विजेतेपद १९०८चे होते आणि ते त्यांना न्यूयॉर्कच्या फ्रेड मर्कल या एकोणीस वर्षांच्या खेळाडूच्या चुकीमुळे मिळाले. या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच हंगामासाठी द्यावे, असे ठरवले. ते वाक्य मी घाईने लिहिले होते आणि मर्कलला ते न्याय देणारे नव्हते, हेही आरंभीच नोंदवतो.

प्रश्न : मी बावीस वर्षे शिकागोत राहतो. मुलगा कब्जचा चाहता आहे, मी मात्र क्रिकेटवर वाढलो. मर्कलने नेमके काय केले, हे मुलाने तीनदा सांगूनही मला उमगलेले नाही. फलंदाजाने चेंडू टोलवला, जिंकून देणारी धाव पूर्ण झाली, मग दुसऱ्याच कुणामुळे ती धाव रद्द कशी होते?

उत्तर : आपली अडचण समजण्यासारखी आहे, कारण क्रिकेटमध्ये एकदा पूर्ण झालेली धाव, पुढची धाव घेताना कुणी धावबाद झाला म्हणून पुसली जात नाही. बेसबॉलमध्ये ती पुसली जाऊ शकते. मैदानावरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फलंदाज उभा राहतो तो कोपरा म्हणजे होम प्लेट; बाकीचे तीन बेस क्रमाने गाठून तिथे परत आले की एक धाव होते. एका बेसवर एका वेळी एकच धावणारा थांबू शकतो. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे निघाला की तिथे आधीपासून उभ्या असलेल्या सहकाऱ्याला जागा मोकळी करून दुसऱ्या बेसवर जावेच लागते. हे जाणे सक्तीचे असल्यामुळे त्याला बाद करण्यासाठी त्याच्या अंगाला चेंडू लावण्याची गरज नसते; क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला तरी तो बाद होतो. याला ‘फोर्स आउट’ म्हणतात. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात; तीन गडी बाद झाले की त्या संघाची पाळी संपते, आणि तिसरा गडी असा सक्तीने बाद झाला तर त्याच टोल्यावर काढलेली धाव, ती वेळेच्या दृष्टीने आधी पूर्ण झालेली असली तरी, धरली जात नाही. नियम तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे.

आता २३ सप्टेंबर १९०८च्या दुपारकडे येऊ. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना चालू होता. बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी नॅशनल लीगमध्ये हे दोन संघ आणि पिट्सबर्ग पायरेट्स असे तिघे अगदी खांद्याला खांदा लावून चालले होते. जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसवरचा खेळाडू फ्रेड टेनी पाठदुखीने त्रस्त होता, म्हणून त्याच्या जागी मर्कलला उतरवले गेले होते. जायंट्सकडून ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि कब्जकडून जॅक फीस्टर हे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे, होते. जो टिंकरने कब्जसाठी मैदानातच धावून होमरन, म्हणजे एकाच टोल्यावर सगळे बेस गाठून धाव, काढली, जायंट्सने बरोबरी साधली, आणि १–१ अशा स्थितीत नवव्या, म्हणजे नियमित डावांपैकी शेवटच्या, डावातली जायंट्सची पाळी आली.

दोन गडी बाद झाले होते आणि मूस मॅककॉर्मिक पहिल्या बेसवर होता. अशा वेळी फलंदाजीला आलेल्या मर्कलने चेंडू उजवीकडे टोलवला, तो स्वतः पहिल्या बेसवर पोहोचला आणि मॅककॉर्मिक तिसऱ्यावर गेला. पुढच्या अल ब्रिडवेलने चेंडू सरळ मधल्या मैदानात मारला. मॅककॉर्मिक धावत होम प्लेटवर आला आणि सामना जिंकला, असे मैदानातल्या प्रत्येकाला वाटले. पोलो ग्राउंड्सवर प्रेक्षकांची बाहेर पडण्याची वाट मैदानातूनच होती आणि खेळाडूंची खोलीही मधल्या मैदानाच्या पलीकडे होती. त्यामुळे सामना संपला की हजारो माणसे एकदम मैदानात उतरत. दुसऱ्या बेसकडे निघालेल्या मर्कलने गर्दी येताना पाहिली आणि बेसला पाय न लावता तो वाटेतूनच खोलीकडे वळला.

कब्जचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जॉनी एव्हर्स याच्या मात्र हे लक्षात आले. मधल्या मैदानातून सॉली हॉफमनने फेकलेला चेंडू एव्हर्सच्या हाती पोहोचण्याआधीच जो मॅकगिनिटीने तो हिसकावला. मॅकगिनिटी हा जायंट्सचाच पिचर. त्या दिवशी खेळत नव्हता, पण बेसजवळ उभा राहून सूचना देत होता. काय चालले आहे हे ओळखून त्याने चेंडू गर्दीत भिरकावून दिला. त्यानंतर एव्हर्सच्या हातात चेंडू आला आणि त्याने दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, एवढे निश्चित. तो चेंडू गर्दीतून परत मिळवलेला होता की दुसराच कुठलातरी होता, यावर त्या दिवशी हजर असलेल्यांच्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत. बेसजवळचा पंच बॉब एमस्ली ब्रिडवेलचा चेंडू चुकवताना जमिनीवर पडला होता, त्यामुळे त्याने मर्कलला पाहिले नव्हते. निर्णय होम प्लेटवरच्या हँक ओडे या पंचावर आला. त्याने मर्कलला बाद ठरवले आणि धाव रद्द केली. मैदानात इतकी माणसे होती आणि उजेड इतका उतरला होता की खेळ पुढे चालवणे शक्य नव्हते, म्हणून सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले.

प्रश्न : मी तालुका पातळीवर अनेक वर्षे क्रिकेटचा पंच म्हणून काम केले आहे. जिंकून देणाऱ्या टोल्यानंतर बेसला पाय न लावता परतण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती, असे वाचले. मग ओडे यांनी नेमका त्याच दिवशी नियमावर बोट का ठेवले? पंच म्हणून मला हा निर्णय पटत नाही. (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : ही पद्धत सर्रास होती हे खरे आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. पण ओडे यांनी नियम त्याच दिवशी शोधून काढला, असे मात्र झालेले नाही. त्याआधी एकोणीस दिवस, म्हणजे ४ सप्टेंबर रोजी, पिट्सबर्गमध्ये कब्ज आणि पायरेट्स यांच्यात जवळजवळ असाच प्रसंग घडला होता. दहाव्या डावात पायरेट्सची विजयी धाव पूर्ण झाली आणि पहिल्या बेसवरचा त्यांचा वॉरन गिल दुसऱ्या बेसपर्यंत न जाता मध्येच वळला. एव्हर्सने चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला आणि पंचाकडे दाद मागितली. त्या सामन्यालाही पंच ओडेच होते आणि ते एकटे होते. विजयी धाव पूर्ण होताच ते वळून निघाले होते. आपण गिलला पाहिले नाही, असे त्यांनी सांगितले. धाव कायम राहिली आणि पायरेट्स १–० असे जिंकले. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार केली, ती त्यांनी फेटाळली.

आपण स्वतः पंच आहात, तेव्हा ओडे यांच्या स्थितीची कल्पना आपल्याला माझ्याहून चांगली करता येईल. नियमाच्या दृष्टीने एव्हर्सचे म्हणणे बरोबर होते. ओडे यांनी ते चूक ठरवले नव्हते, ‘मी पाहिले नाही’ एवढेच म्हटले होते. तीन आठवड्यांच्या आत तोच खेळाडू, तीच दाद आणि तेच पंच पुन्हा समोरासमोर आले, आणि या वेळी ओडे यांचे लक्ष होते. पाहिले असूनही ‘पद्धत अशी आहे’ म्हणून त्यांनी धाव दिली असती, तर तो निर्णय नियमाला सोडून झाला असता. म्हणून निर्णय योग्य होता, असे मला वाटते.

परंतु निर्णय योग्य असणे आणि मर्कल दोषी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो नियम पुस्तकात होता पण मैदानावर कुणी पाळत नव्हते आणि कुणी पाळायलाही लावत नव्हते, तो पाळला नाही म्हणून संघातल्या सर्वांत धाकट्या खेळाडूंपैकी एकाला वर्तमानपत्रांनी ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ डोक्याचा, ठरवले आणि ते विशेषण त्याला जन्मभर चिकटले. पिट्सबर्गच्या प्रसंगाची बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली होती. ४ सप्टेंबरनंतर प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाने आपल्या खेळाडूंना एकत्र बसवून ‘यापुढे बेसला पाय लावल्याशिवाय हलायचे नाही’ असे बजावायला हवे होते. ती जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलाची नव्हती, असे माझे ठाम मत आहे. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी त्याला कधीही दोष दिला नाही, उलट पुढच्या वर्षी त्याचा पगार वाढवला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

प्रश्न : हंगामात दीडशेहून अधिक सामने होते. त्यांतल्या एकाच सामन्याने विजेतेपद गेले, असे म्हणता येते का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : माझ्या मते असे म्हणता येत नाही, आणि मॅकग्रॉही तेच म्हणत असत. २३ सप्टेंबरनंतरचे पंधरा दिवस नीट पाहिले तर हे पटेल. आधी फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या हॅरी कोव्हेलेस्की या डावखुऱ्या पिचरचे उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आलेला हा तरुण तोवर कुणाला फारसा ठाऊकही नव्हता. २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या पाच दिवसांत त्याने जायंट्सला तीनदा हरवले. या तीनपैकी एक सामना जरी जायंट्सने जिंकला असता, तरी मर्कलचे नाव आज कुणाला आठवले नसते. त्या तीन पराभवांबद्दल मात्र जायंट्सच्या कुणाही खेळाडूला बोनहेड म्हटले गेले नाही.

कब्जच्या बाजूनेही एक अजोड कामगिरी आहे. २६ सप्टेंबरला ब्रुकलिनमध्ये त्यांना एकाच दिवशी दोन सामने खेळायचे होते आणि पिचर थकलेले होते. एड रॉयलबाख याने पहिला सामना ५–० असा जिंकून दिला आणि मग दुसऱ्या सामन्यातही तोच उभा राहून ३–० असा विजय मिळवून गेला. एकाच दिवशी दोन पूर्ण सामने एकही धाव न देता जिंकणारा मेजर लीगमधला, म्हणजे या प्रमुख लीगमधला, तो एकमेव पिचर आहे. आज एका सामन्यात तीन-चार पिचर वापरले जातात, हे लक्षात घेतले तर हा विक्रम मोडण्याची शक्यता उरलेलीच नाही.

पिट्सबर्गला आपण विसरून चालणार नाही. त्यांचा होनस वॅग्नर त्या वर्षी ·३५४ या सरासरीने, म्हणजे दर हजार संधींत सुमारे ३५४ वेळा टोला मारून सुखरूप बेसवर पोहोचत, लीगमधला अव्वल फलंदाज होता. ४ ऑक्टोबरला शिकागोत पायरेट्स आणि कब्ज यांचा अखेरचा सामना झाला. पायरेट्स जिंकले असते तर कब्जचे आव्हान त्याच संध्याकाळी संपले असते. कब्जचा मॉर्डकाय ब्राउन याने तो सामना ५–२ असा जिंकून दिला. लहानपणी शेतातल्या चारा कापण्याच्या यंत्रात हात सापडून ब्राउनच्या तर्जनीचा बराचसा भाग गेला होता आणि बाकीची बोटेही वाकडी झाली होती. त्या हातातून सुटणारा चेंडू फलंदाजापाशी येऊन असा काही खाली वळे की धडधाकट हाताच्या पिचरांनाही ते साधत नसे. ‘तीन बोटांचा ब्राउन’ हे त्याचे टोपणनाव अमेरिकेत आजही प्रसिद्ध आहे.

यानंतर जायंट्सने बॉस्टनविरुद्धचे उरलेले तिन्ही सामने जिंकले आणि कब्ज व जायंट्स दोघेही ९८ विजय, ५५ पराभव अशा अगदी सारख्या स्थितीत आले. लीगच्या संचालकांनी ओडे यांचा निर्णय कायम केला आणि बरोबरीत सुटलेला सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला. त्या दिवशी पोलो ग्राउंड्सची दारे बंद झाल्यावरही माणसे शेजारच्या कूगन्स ब्लफ या टेकाडावर आणि उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चढून सामना पाहत होती. पहिल्याच डावात जायंट्सनी फीस्टरवर एक धाव चढवली, तेव्हा ब्राउनला बोलावण्यात आले, आणि तिथून सामना फिरला. तिसऱ्या डावात टिंकरने मॅथ्यूसनच्या चेंडूवर तीन बेसांचा टोला मारला. २३ सप्टेंबरची होमरन काढणारा हाच टिंकर. मॅथ्यूसनसारख्या पिचरला तो कसा कोण जाणे नेहमी भारी पडे. त्या डावात चार धावा झाल्या आणि कब्जने सामना ४–२ असा जिंकला. मॅथ्यूसनने त्या हंगामात ३७ सामने जिंकले होते. त्याच्या वाट्याला आलेला हा पराभव मला मर्कलच्या प्रसंगाइतकाच चटका लावतो.

प्रश्न : बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ नावाचा प्रकार असतो. त्या हंगामात असा सामना झाला होता का? (पुण्याहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : झाला होता, आणि तो कशा परिस्थितीत झाला हे कळल्यावर आपल्यालाही त्याचे मोल अधिक वाटेल. पिचरने प्रतिस्पर्ध्यांच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकाचाही पाय पहिल्या बेसला लागू न देता बाद केले, तर त्या सामन्याला परफेक्ट गेम म्हणतात. शतकाहून अधिक काळात असे सामने मोजकेच झाले आहेत. २ ऑक्टोबर १९०८ रोजी क्लीव्हलँडच्या लीग पार्कमध्ये क्लीव्हलँड आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांचा सामना होता. इथे हे सांगायला हवे की, त्या वर्षी दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन लीगमध्येही, डेट्रॉइट, क्लीव्हलँड आणि व्हाइट सॉक्स अशी तिरंगी चुरस होती. हंगामाचे जेमतेम चार-पाच दिवस उरले होते आणि हरणाऱ्याची आशा मावळणार होती.

व्हाइट सॉक्सचा पिचर एड वॉल्श त्या हंगामात ४६४ डाव टाकून ४० सामने जिंकला. त्या दिवशी त्याने क्लीव्हलँडला फक्त चार टोले मारू दिले आणि पंधरा फलंदाजांना चेंडूला बॅट न लावू देता परत पाठवले. हरलेल्या पिचरची अशी कामगिरी क्वचितच पाहायला मिळते. तो हरला, कारण समोर ॲडी जॉस होता. क्लीव्हलँडला तिसऱ्या डावात व्हाइट सॉक्सच्या ढिसाळ क्षेत्ररक्षणामुळे एक धाव मिळाली, आणि त्या एका धावेवर जॉसने अवघ्या ७४ चेंडूंत सत्तावीस फलंदाज बाद केले. नवव्या डावात दोन बाद झाल्यावर प्रेक्षक आवाज करायचेही थांबले होते, असे सांगतात. अखेरचा फलंदाज जॉन अँडरसन याने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. बिल ब्रॅडलीने तो उचलून पहिल्या बेसवर जॉर्ज स्टोव्हलकडे फेकला आणि सामना १–० असा संपला. या जॉसचा एप्रिल १९११ मध्ये क्षयजन्य मेंदूज्वराने वयाच्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैत अमेरिकन लीगच्या उत्तमोत्तम खेळाडूंनी क्लीव्हलँडला येऊन त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी सामना खेळला.

त्या वर्षी पिचर इतके वरचढ का होते, हे आपल्या पत्रात नाही, पण ओघाने सांगतो. त्या काळच्या चेंडूचा गाभा रबराचा असे आणि तो दूर जात नसे. बुचाच्या गाभ्याचा चेंडू १९११ पासून रूढ झाला. एकच चेंडू मळून काळा पडेपर्यंत वापरला जाई, आणि त्याला थुंकी लावून फेकणे नियमात बसत होते. वॉल्शचे ते मुख्य अस्त्रच होते. त्यामुळे दोन्ही लीगची फलंदाजीची सरासरी ·२३९ इतकी खाली गेली. अशा हवेत बॉस्टनच्या साय यंगने एक्केचाळिसाव्या वर्षी, ३० जूनला, अमेरिकन लीगमधल्या न्यूयॉर्क हायलँडर्सला एकही टोला न देता सामना जिंकला. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या वीस वर्षांच्या वॉल्टर जॉन्सनने चार दिवसांत तीन वेळा त्याच न्यूयॉर्क संघाला शून्यावर रोखले. मधला दिवस रविवार होता आणि न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामन्यांना बंदी होती, म्हणून त्याला एवढी तरी विश्रांती मिळाली.

प्रश्न : अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट अर्ध्या सामन्याने जिंकले, असे वाचले. अर्धा सामना म्हणजे काय? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर : डेट्रॉइटने ९० सामने जिंकले आणि ६३ गमावले, क्लीव्हलँडने ९० जिंकले आणि ६४ गमावले. विजय सारखे आणि पराभवांत एकाचाच फरक असला की ते अंतर अर्धा सामना धरतात. डेट्रॉइटचा एक सामना पावसामुळे झाला नव्हता आणि तेव्हाच्या नियमांप्रमाणे तो पुन्हा खेळणे बंधनकारक नव्हते. जिंकलेल्या सामन्यांची टक्केवारी थोडी अधिक, एवढ्यावर विजेतेपद डेट्रॉइटला गेले. विजेतेपदावर परिणाम होत असेल तर राहिलेला सामना खेळलाच पाहिजे, असा नियम नंतर करण्यात आला. क्लीव्हलँडच्या वाट्याला आलेला हा अन्याय मर्कलच्या गोंगाटात फार झाकला गेला, असे मला वाटते.

प्रश्न : या सगळ्या नावांत कृष्णवर्णीय खेळाडू एकही का दिसत नाही? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : कारण त्यांना या दोन्ही लीगमध्ये घेतलेच जात नव्हते. तसा लेखी नियम नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघमालकांनी आपसांत पाळायला सुरुवात केलेला तो संकेत होता, आणि १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरेपर्यंत तो टिकला. दुसऱ्या बेसला पाय लावण्याचा लेखी नियम मैदानावर कुणी पाळत नव्हते आणि हा कुठेही न लिहिलेला नियम मात्र साठ वर्षे कसोशीने पाळला गेला, हे त्या काळाचा विचार करताना विसरता येत नाही. १९०८ मध्ये शिकागोतच लेलँड जायंट्स हा कृष्णवर्णीयांचा बलाढ्य संघ होता आणि रूब फॉस्टर हा थोर पिचर त्यात खेळत होता. ऑक्टोबर १९०९ मध्ये कब्ज आणि लेलँड जायंट्स यांच्यात तीन मैत्रीपूर्ण सामने झाले. तिन्ही कब्जने जिंकले, तरी ते सोपे गेले नव्हते. ‘१९०८चा सर्वोत्तम संघ’ असे कब्जला म्हणताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

प्रश्न : अंतिम मालिकेचे आणि पुढे मर्कलचे काय झाले? (बेळगावहून एक वाचक)

उत्तर : दोन लीगच्या विजेत्यांमधल्या या मालिकेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कब्जने डेट्रॉइटला ४–१ असे हरवले. १४ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये झालेल्या शेवटच्या सामन्याला अवघे ६,२१० प्रेक्षक होते. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली ही आजवरची सर्वांत कमी उपस्थिती आहे. ऑर्व्हल ओव्हरॉलने तो २–० असा जिंकून दिला आणि दीड तासाच्या आत सगळे आटोपले. इतक्या अटीतटीच्या हंगामानंतर लोकांचा जीव थकला असावा.

मर्कल पुढे कितीतरी वर्षे उत्तम खेळला. १९११, १९१२ आणि १९१३ साली जायंट्सकडून, १९१६ साली ब्रुकलिनकडून आणि १९१८ साली चक्क कब्जकडून, असा पाच वेळा तो अंतिम मालिकेत उतरला. पाचही वेळा त्याचा संघ हरला. बाद होण्याच्या भीतीने कचरणारा खेळाडू इतकी वर्षे पहिल्या बेसवर टिकत नाही. पण प्रेक्षकांतून ‘बेसला पाय लाव’ अशा आरोळ्या त्याला शेवटपर्यंत ऐकाव्या लागल्या. खेळ सोडल्यावर तो फ्लोरिडात राहायला गेला आणि बेसबॉलपासून दूर राहिला. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. १९५६ मध्ये त्याचे निधन झाले. लीगचे अध्यक्ष पुलियम यांनी जुलै १९०९ मध्ये आपले जीवन संपवले, हाही या काळातला दुःखद भाग आहे. ते आधीपासून मनाने खचलेले होते आणि त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून केवळ या वादाकडे बोट दाखवणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : पुढच्या सुट्टीत मुलाला घेऊन न्यूयॉर्कला जाणार आहे. ते मैदान आता पाहता येईल का? (पहिला प्रश्न विचारणारे शिकागोचे वाचक)

उत्तर : मर्कल खेळला ते लाकडी मैदान १९११ साली आगीत जळाले. त्याच जागी उभारलेले काँक्रीटचे मैदान १९६४ साली पाडले गेले आणि तिथे आता पोलो ग्राउंड्स टॉवर्स या उंच निवासी इमारती आहेत. कूगन्स ब्लफवरून खाली उतरणारा १९१३चा जिना मात्र दुरुस्त करून ठेवला आहे. तिथून आरंभ करावा. मग इमारतींच्या आवारात होम प्लेट साधारण जिथे होती ती जागा दाखवणारी पाटी आहे, ती मुलाला दाखवावी. बेसबॉलच्या चौकोनाची प्रत्येक बाजू ९० फुटांची असते. ब्रिडवेलचा टोला बसला तेव्हा मर्कलला पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी तेवढेच अंतर होते. पाटीपासून सरळ रेषेत दुसरा बेस सुमारे १२७ फुटांवर येतो. मुलासोबत तेवढी पावले मोजून चाललात, तर ज्या जागेवरून हा सगळा वाद झाला त्या जागेच्या आसपास आपण पोहोचाल.